नऊनंतरचा दिवा

वेळणेश्वरला आमच्या घरामागे, आगराच्या वरच्या अंगाला, एक मांगर आहे. जांभ्याचा चौथरा, कमरेएवढी चिऱ्यांची भिंत, तिच्यावर पूर्वी कुड होता तिथे आता विटा, आणि वर कौले. नारळ, सुपारी, सोडणे, सरपण आणि पावसाळ्यापूर्वी भरून ठेवायचे गवत यांच्यासाठी तो बांधलेला. त्याच्या एका कोपऱ्यात, निम्म्या उंचीची भिंत घालून वेगळ्या केलेल्या खोलीत, आमच्याकडे आगराची कामे करणारे कुटुंब राहत असे. ते कुटुंब तिथून जाऊन पंचवीसहून अधिक वर्षे झाली. मांगर तेव्हापासून रिकामा, म्हणजे अडगळीने भरलेला.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ठरवले की या मांगराची अभ्यासिका करावी. वडिलांची पुस्तके घरातल्या माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडली होती. मलाही सुट्टीत लिहायला-वाचायला शांत जागा हवी होती. समुद्राची गाज तिथे घरापेक्षा अधिक स्पष्ट ऐकू येते. कौले चाळून घेतली, जमीन करून घेतली, एक जुने टेबल नेऊन ठेवले. राहिली वीज. घरात ती माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. मांगरात ती कधीच नव्हती, असे मी धरून चाललो होतो. घरापासून मांगरापर्यंत वीज नेणे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

माझ्या मनातला आराखडा सोपा होता. पडवीतल्या बोर्डावरून वायर काढायची, पहिल्या पोफळीला बांधायची, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, आणि मांगराच्या वाशाला नेऊन सोडायची. आमच्या भागात निम्म्या आगरांतले पंप असेच चालतात. गावात वायरमन म्हणून पहिले नाव ज्याचे निघते त्याला बोलावले. त्याचे नाव इथे देत नाही. ते त्याला आवडणार नाही. एवढेच सांगतो की तो आणि मी दहावीपर्यंत एकाच वर्गात होतो आणि तो याच मांगरात वाढला. तो मला आता 'सर' आणि 'तुम्ही' म्हणतो. मी त्याला 'तू' म्हणतो. सर्वनामांच्या या व्यवस्थेवर मी वर्गात तास घेतलेले आहेत.

त्याने आधी टेप काढली. मी अंतर 'वीसेक पावले' असे सांगितले होते. ते त्रेचाळीस मीटर भरले. मग पोफळींकडे पाहून तो म्हणाला, "झाडाला बांधून नेलेलं काम मी करत नाही, सर." कारणे त्याने एकेक करून सांगितली. पोफळ वाऱ्यात डोलते, त्यामुळे बांधलेल्या जागी वायरचे आवरण घासून जाते. वरून झावळी पडते, नारळ पडतो. ऊन आणि खारी हवा यांनी प्लास्टिक चार-पाच वर्षांत कडक होऊन तडकते. ओल्या झाडावर कोयता घेऊन चढणाऱ्या माणसाला आवरण कुठे फाटले आहे ते दिसत नाही. मे 2021च्या तौक्ते वादळात आमच्या आगरातल्या किती पोफळी आडव्या झाल्या होत्या, याची आठवणही त्याने करून दिली. त्या दिवसांत तारा जमिनीवर लोळत होत्या आणि वीज कधी येईल या चिंतेइतकीच ती अचानक येईल की काय ही चिंता होती.

तेव्हा केबल जमिनीखालून न्यायची ठरली. केबल आर्मर्ड, म्हणजे आत तांब्याच्या तारा आणि बाहेर पोलादी तारांचे चिलखत असलेली. चर अडीच फूट खोल. आमच्याकडे वीतभर माती गेली की जांभा लागतो, त्यामुळे अडीच फूट ही दोन माणसांची तीन दिवसांची मजुरी झाली. चराच्या तळाशी वाळू, तिच्यावर केबल, वर पुन्हा वाळू, आणि तिच्यावर आमच्याच मांगराची उतरवलेली जुनी कौले ओळीने पालथी. पुढे कधी कोणी केळीसाठी खड्डा खणू लागला तर पहार आधी कौलावर वाजावी आणि खाली काही आहे हे त्याला कळावे, म्हणून.

केबल किती जाडीची घ्यावी यावर मी थोडी घासाघीस केली. दीड चौरस मिलिमीटरची स्वस्त होती. तो चारची म्हणत होता. त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यावर हिशेब मांडून दाखवला. वीज जाते आणि परत येते, म्हणून त्रेचाळीस मीटरचे शहाऐंशी धरायचे. दीडच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे बारा ओहम, म्हणजे एवढ्या लांबीला एक ओहमच्या किंचित वर. दहा अँपिअर प्रवाह घेतला तर वाटेतच दहा व्होल्ट खर्च होतात. चारच्या तारेत ते चारवर येतात. त्यात गावाच्या टोकाला संध्याकाळी दाब आधीच उतरलेला असतो, आणि पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. "घरात पुरेसा आहे म्हणून शेवटच्या टोकाला पुरेसा असतो असं नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याने तांब्याच्या तारेविषयीच उच्चारले होते. तरी ते माझ्या वहीत लिहून घ्यावे असे मला वाटले आणि मी ते लिहून घेतले. आम्हा साहित्याच्या मास्तरांना ही वाईट खोड आहे.

अर्थिंगही त्याने नवे घालायला लावले. घराचे जुने अर्थिंग एवढ्या लांब भरवशाचे नाही, आणि जांभा एप्रिल-मेमध्ये इतका कोरडा होतो की जमिनीत जाणारी वीज सहज मुरत नाही. म्हणून खड्डा मांगराच्या कडेला, न्हाणीचे पाणी जिथे केळीच्या आळ्यात जाते तिथे घेतला. त्यात पाइप उभा करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. घरातल्या बोर्डात या केबलसाठी वेगळी एमसीबी बसवली आणि तिच्या जोडीला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी. हे दुसरे उपकरण मला नवे होते. त्याचे काम एवढेच, की एका तारेतून गेलेली वीज आणि दुसरीतून परत आलेली वीज यांची सतत तुलना करायची. दोन्ही सारख्या असल्या पाहिजेत. फरक पडला तर मधली वीज कुठेतरी झिरपते आहे, कदाचित कोणाच्या तरी अंगातून. तीस हजारांशाचा फरक त्याला पुरतो. तो क्षणाच्या आत पुरवठा तोडतो.

वाद झाला तो बटणावरून. माझे म्हणणे असे, की मांगराचे मुख्य बटण पडवीत असावे. मी सुट्टी संपली की निघून जाणार, आई एकटी, रात्री झोपताना तिने पडवीतूनच मागची वीज बंद केली की झाले. मांगरात दिव्याचे एक आणि पंख्याचे एक अशी दोन साधी बटणे पुरेत. तो ऐकेना. घरात एमसीबी आहेच, ती केबलच्या रक्षणासाठी. पण मांगरात स्वतंत्र पेटी आणि स्वतंत्र मेन स्विच हवा. "माणूस जिथं बसणार तिथं बंद-चालू त्याच्या हाताशी पाहिजे. आत काही पेटलं तर धावत घरापर्यंत यायचं का? आणि घरातनं कोणी चुकून बंद केलं तर अंधारात ओरडत बसायचं?" मी म्हणालो, "अरे, इथे बसणार कोण? मी एकटा, अभ्यासाला. कोण बंद करणार?"

तो पेटीसाठी भिंतीवर खुणा करत होता. मान न वळवता म्हणाला, "मी बसलोय की इथं अभ्यासाला. नऊपर्यंत."

मांगरात वीज कधीच नव्हती, असे मी वर लिहिले आहे. ते खरे नाही. 1994च्या दिवाळीपासून 1995च्या मार्चपर्यंत ती होती. दहावीचे वर्ष म्हणून त्याच्या वडिलांनी माझ्या वडिलांना विचारले होते, आणि वडिलांनी लगेच होकार देऊन स्वतःच गुहागरहून वायर आणून दिली होती. पडवीतल्या सॉकेटमध्ये पिन, तिथून पोफळींना बांधत नेलेली दोनपदरी वायर, आणि मांगरातल्या खोलीत वाशाला टांगलेला चाळीस वॅटचा बल्ब. मांगरात बटण नव्हतेच. पिन लावली की दिवा लागे, पिन काढली की विझे. संध्याकाळी सातला पिन लावण्याचे आणि रात्री नऊला ती काढण्याचे काम माझ्याकडे होते. "नऊ झाले रे, वायर काढ," असे आजी माजघरातून सांगे आणि मी उठून काढत असे. पाच महिने, रोज.

आजी दुष्ट नव्हती. मीटरची फिरती चकती ती ओटीवर बसून पाहत असे आणि ती वेगाने फिरू लागली की घरातले दिवे मोजत असे. ज्या बाईने निम्मे आयुष्य रॉकेलवर काढले होते तिला वीज ही डब्यातल्या साखरेसारखी जिन्नस वाटे, मोजून द्यायची. पण हेही लिहायला हवे की माझ्या टेबलावरचा दिवा साडेदहा-अकरापर्यंत चालू असे आणि त्याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही. मीही तो नऊला कधी बंद केला नाही. मी पिन काढत असे, परत येत असे, आणि माझ्या उजेडात बसून पुढचा धडा उघडत असे. वायरच्या दुसऱ्या टोकाला त्या क्षणी काय होते, म्हणजे एखादे गणित अर्धे राहते की एखादे वाक्य, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. पडवीतून पाहिले तर फक्त एक पिन सॉकेटमधून बाहेर येत होती.

केबलचा हिशेब मी त्याच्याकडून शिकलो होतो; त्या रात्री दुसरा एक हिशेब मी स्वतः केला. चाळीस वॅटचा दिवा नऊ ते अकरा, असे दोन तास अधिक जळला असता तर रोज ऐंशी वॅट-तास. महिन्याला जेमतेम अडीच युनिट. एवढीच वीज मी रोज रात्री उठून वाचवत होतो.

त्याला दहावीला माझ्यापेक्षा बरेच कमी गुण मिळाले. तो आयटीआयला गेला, मी कला शाखेला. याला नऊची पिन कारण होती, असे म्हणणे मला सोपे जाईल. पश्चात्तापालाही एक नाट्य लागते. पण मला ते माहीत नाही. आणि त्याने निवडलेला व्यवसाय हा पराभव होता असे मी समजणे, हा तर त्याच पडवीतून पाहण्याचा प्रकार होईल. मला माहीत आहे ते एवढेच की पाच महिने त्याच्या दिव्याचे बटण माझ्या हातात होते आणि त्याच्या हातात नव्हते.

यापुढचा भाग सांगणे अधिक अवघड आहे, कारण तो माझ्या लेखनाविषयी आहे. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात मी या मांगरावर एक ललित लेख लिहिला होता. तो बऱ्यापैकी वाखाणला गेला. त्यात सुपारीचा वास होता, गवताच्या भाऱ्यांत लपण्याचे खेळ होते, आणि शेवटी एक दिवा होता. रात्री अभ्यास करताना खिडकीतून मांगराकडे पाहिले की कुडाच्या फटींतून रॉकेलच्या चिमणीचा तांबूस उजेड झिरपताना दिसे, आणि आगराच्या त्या काळोखात तो मला सोबत करी, असे मी लिहिले होते. 'वीज सर्वत्र आली आणि तो दिवा हरवला' अशा अर्थाचे एक हळहळीचे वाक्यही त्यात आहे.

त्यातला तपशील खरा आहे. उजेड तांबूसच होता आणि फटींतूनच येत होता. फक्त एक गोष्ट लेखात नाही: ती चिमणी नऊनंतर का पेटत असे. जो दिवा मी सौंदर्य म्हणून पाहिला तो मीच पाच मिनिटांपूर्वी विझवलेल्या दुसऱ्या दिव्याच्या जागी पेटवलेला होता. तो सोबतीचा दिवा नव्हता, गणित पुरे करण्याचा होता.

त्याने तो लेख वाचला होता. त्याची पुतणी आमच्याच महाविद्यालयात होती. तिने अंक घरी नेला होता. मांगरातल्या पेटीचे काम करता करता त्यानेच विषय काढला. म्हणाला, "दिवा छान लिहिलाय तुम्ही." यात टोचणी होती का, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ताडण्याचा प्रयत्न केला, कळले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काच नव्हती त्याला. धुरानं डोळे चुरचुरायचे. आई म्हणायची, पहाटे उठून कर." आणि पेटीचे झाकण लावून त्याने स्क्रू पिळला.

मी गेली वीस वर्षे साहित्य शिकवतो आहे. 1978 साली आलेल्या 'बलुतं'वर आणि 1980च्या 'उपरा'वर मी व्याख्याने दिली आहेत. केंद्र आणि परीघ हे शब्द मी फळ्यावर इतक्यांदा लिहिले आहेत की ते डोळे मिटून लिहिता येतील. अनुभवाची प्रामाणिकता म्हणजे काय, असा प्रश्न मी परीक्षेत घातला आहे. आणि माझ्या लेखातला अनुभव खोटा नव्हता, हीच अडचण आहे. मला तो उजेड खरोखर तसाच दिसला होता. आपल्या ललित गद्यात चिमणी, कंदील, समई यांचा मिणमिणता प्रकाश जितका आला आहे तितका क्वचित कशाचा आला असेल. तो प्रकाश कोणी खिडकीतून पाहिला आणि कोणी त्याच्यापाशी बसून वाचले, हा भेद आपण वाचताना करतो का? आठवणीत जे सुंदर उरते ते बहुधा दुरून पाहिलेले असते. जवळ बसलेल्याच्या आठवणीत धूर असतो.

हे सारे मनात घोळत असताना मला एक मोठे उदाहरण सुचले आणि ते मला फार आवडले. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरते. त्या प्रकल्पाची एकूण क्षमता 1960 मेगावॉट आहे. वीज निर्माण करून झालेले ते पाणी वाशिष्ठीला मिळते, आणि वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या मुखापाशी, आमच्याच गुहागर तालुक्यात अंजनवेलला, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प उभा राहिला. गावकऱ्यांचा विरोध, मोर्चे, अटका हे सारे आमच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत घडले. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999च्या मेमध्ये सुरू झाला आणि दरांच्या वादात 2001मध्ये बंद पडला. 2005मध्ये तो सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या नव्या कंपनीकडे गेला. आमच्या दक्षिणेला, शास्त्री नदीच्या खाडीपलीकडे जयगडला, पुढे 1200 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आला. एवढ्या विजेच्या मधोमध आमचे गाव. आणि 2005नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्तास भारनियमन चाले तेव्हा आम्हीही अंधारातच असू. कुठे किती वीज जायची याचा मेळ घालणारे राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. म्हणजे बटण पुन्हा दुसऱ्या टोकाला.

हे उदाहरण खोटे नाही. यावर एक स्वतंत्र लेख होईल आणि तो मी उत्साहाने लिहीन. पण ते मला इतके का आवडले, हे तपासले तेव्हा लक्षात आले की त्या चित्रात मी वायरच्या अंधाऱ्या टोकाला बसलेलो आहे. तिथे मी कोकणातला, उपेक्षित, ज्याची वीज दुसरे कोणी काढून घेते तो. त्रेचाळीस मीटरच्या चित्रात मी सॉकेटपाशी उभा आहे. मोठ्या अन्यायाची गोष्ट सांगता सांगता लहान अन्यायातली आपली जागा विसरता येते. एकच माणूस एका वायरच्या शेवटी आणि दुसरीच्या सुरुवातीला असू शकतो. आपण लिहितो मात्र पहिल्या वायरविषयी.

पेटी शेवटी मांगरातच बसली. काम संपले त्या संध्याकाळी त्याने मेगर लावून केबल तपासली, अर्थिंग पाहिले, आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून ती पडते की नाही हे मला दाखवले आणि महिन्यातून एकदा ते दाबत जा असे बजावले. घरातल्या बोर्डावर नव्या एमसीबीखाली त्याने काळ्या पेनाने 'मांगर' असे लिहिले. आईला म्हणाला, "काकी, हे रात्री बंद करायचं नाही. वर बसलेला माणूस बंद करेल." आई म्हणाली, "बरं." नऊ वाजण्याची तिलाही आठवण असणार, ती त्याविषयी काही बोलली नाही, आणि मी विचारले नाही.

मी त्याला सांगण्याचा प्रयत्न केला. "ती पिन मी काढत असे," असे म्हणालो. तो म्हणाला, "माहीत आहे. पायऱ्या उतरताना तुमच्या चपलांचा आवाज यायचा. तो आला की मी वही मिटायचो." मग त्याने बिल दिले. मजुरीत त्याने सूट दिली नव्हती आणि मी ती मागितली नाही. त्याला ते पैसे देताना मला जरा बरे वाटले, हेही नोंदवून ठेवतो. त्याचा फार विश्वास धरू नये.

मांगरात आता वडिलांची पुस्तके आहेत. सुट्टीत मी तिथे बसतो. हा लेखही तिथेच लिहिला आहे. तो जुना लेख छापला गेला आहे. तो मागे घेता येत नाही, आणि त्यातला उजेड खोटा नसल्यामुळे तो तसाच राहावा असेही वाटते. ज्यांनी तो वाचला असेल त्यांनी त्यातल्या शेवटच्या परिच्छेदाच्या आधी एक वाक्य घालून वाचावे, एवढीच विनंती आहे: नऊ वाजले, आणि मी पडवीत जाऊन पिन काढली.